अंतू बर्वा आणि तो फणस

अंतू बर्वा मला आधी रील्समधून भेटला. अर्ध्या मिनिटाचे तुकडे, पुलंचा आवाज, मागे प्रेक्षकांचा हशा. 'व्यक्ती आणि वल्ली' हातात घेतलं ते खूप नंतर. (१९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला आहे, हेही तेव्हाच कळलं.) तोवर माझ्या लेखी अंतू म्हणजे तिरकस बोलणारा कोकणी म्हातारा. एक साचा.

छापील पानावर हशा नसतो. कुठे हसायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. रत्नागिरीत वीज येते तेव्हा अंतूला ती नको असते, कारण उजेड पडून दिसणार काय, तर घराची दुर्दशा. रीलमध्ये मी इथे खळखळून हसले होते. वाचताना हसू आलं, पण अर्ध्यावर अडकलं. गावातल्या कुणाची टर उडवावी त्याच सुरात हा माणूस स्वतःच्या दारिद्र्याबद्दल बोलतोय. पुलं इथे सूर बदलत नाहीत. 'आता गंभीर व्हा' अशी पाटी लावत नाहीत. परीक्षेत 'सूर : विनोदी' लिहून मार्क मिळतीलही, पण मग अंतू हातातून निसटला.

माझे आजोबा असंच बोलत. गावच्या घराचं छप्पर आणि मी, बघू आधी कोण पडतंय, असं एकदा म्हणाले होते. आम्ही हसलो, 'आजोबा म्हणजे अगदी अंतू बर्वा' म्हणालो. छपराचं काय करायचं ते कुणीच विचारलं नाही.

वल्ली म्हटलं की आपण ऐकणं थांबवतो. पुलंना हे ठाऊक असावं. म्हणून ते आधी साचा देतात आणि मग एकेक टाका उसवतात. बायको गेल्यावर दारच्या आंब्याचा मोहर थांबतो. लेखक परदेशी निघतो, तेव्हा हाच टवाळ म्हातारा अंगाऱ्याची पुडी घेऊन येतो, आणि समोरच्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही हे ओळखून ती देतो. नुसता नमुना असा वागत नाही.

म्हणूनच शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. तिथे पुलं फणसाचा दाखला देतात : कोकणातली माणसं फणसासारखी, पिकल्याशिवाय गोडवा येत नाही. इतका वेळ साच्यातून सोडवलेला अंतू एका वाक्यात परत 'कोकणी माणूस' होतो. आणि फॉरवर्ड होतं नेमकं हेच वाक्य! शिवाय ते खरंही वाटत नाही मला. अंतूत गोडवा उशिरा येत नाही, तो पहिल्या तिरकस बोलण्यापासून आहे. उशीर वाचणाऱ्याला होतो.

आता पुन्हा वाचते तेव्हा मी पुडीपाशीच पुस्तक मिटते.