रॉकगीताचे भावबळ आणि बुंदेलखंडातील आल्हा

२०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीतांना साहित्यात स्थान द्यावे काय, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. त्या चर्चेचा भर मुख्यतः शब्दांवर राहिला. रॉकगीताच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. छापील पानावर सामान्य पद्य वाटणारी रचना ऐकताना श्रोत्याला मुळापासून हलवते. हे बळ शब्दांत नाही, म्हणून ते केवळ आवाजाच्या कल्लोळात आहे, असा समज आपल्याकडे रूढ झाला. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

'लेड झेपेलिन'चे 'स्टेअरवे टु हेवन' (१९७१) हे गीत सुमारे आठ मिनिटांचे आहे. आरंभी गिटार आणि रेकॉर्डर हे बासरीच्या जातीचे वाद्य, एवढाच संभार असतो. ड्रम येतात ते चार मिनिटे उलटून गेल्यावर. पुढे लय वाढते, विद्युत गिटार मोकळी सुटते, गायकाचा स्वर तारसप्तकात जातो. आणि अखेरीस वाद्ये थांबून कंठ एकटा उरतो. येथे भावनेची घडण वाद्यांच्या क्रमाने होते. जे वाद्य दीर्घकाळ रोखून धरले, त्याच्या आगमनालाच अर्थ येतो. कल्लोळ परिणामकारक ठरतो तो आधीच्या संयमामुळे.

हे रचनातत्त्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. झाशी आणि भोवतालच्या बुंदेलखंडात आल्हा गाण्याची परंपरा आहे. महोब्याचे चंदेल राजे परमाल यांच्या पदरी असलेल्या आल्हा आणि ऊदल या वीरांची ही गाथा जगनिक कवीच्या नावावर सांगितली जाते. ती विशेषतः पावसाळ्यात गातात. साथीला ढोलक आणि मंजिरे. गायक प्रथम 'सुमिरनी' म्हणजे देवतांचे स्मरण करतो. मग कथा पुढे सरकते आणि युद्धाच्या प्रसंगी ढोलकाची लय चढत जाते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, विवाह असो वा रणसंग्राम, छंद तोच राहतो : एकतीस मात्रा, सोळाव्या मात्रेवर यती. छंद स्थिर असताना भाव पालटतो तो लयीमुळे आणि स्वराच्या उंचीमुळे. आल्ह्याची छापील पोथी वाचून त्याचे मोल ठरवणारा वाचक रॉकगीताच्या शब्दांवर थांबणाऱ्या समीक्षकासारखीच गफलत करतो.

या दृष्टीने झाशीच्या राणीवरील गीते पाहावीत. सुभद्राकुमारी चौहान यांनी आपल्या प्रसिद्ध कवितेत ही कहाणी बुंदेलखंडातील हरबोले या फिरत्या गायकांच्या मुखातून ऐकल्याचे म्हटले आहे. मुंगावलीला जन्मलेल्या भा. रा. तांबे यांनी मराठीत राणीच्या ग्वाल्हेरच्या समाधीवर गीत लिहिले. वसंत प्रभूंच्या संगीतात लता मंगेशकर ते गातात, तेव्हा शब्द आणि कंठ पुढे राहतात, वाद्ये मागे. १८५८ च्या जूनमध्ये रणात पडलेल्या स्त्रीचा शोक त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतो. पुढे 'रॉक ऑन' (२००८) या चित्रपटाद्वारे हिंदी चित्रगीतात रॉकवृंदाचा नाद रुजवणाऱ्या शंकर-एहसान-लॉय यांनीच 'मणिकर्णिका'चे (२०१९) संगीत केले. त्यातील 'विजयी भव'मध्ये समूहस्वर आणि तालवाद्ये यांचा मोठा भार आहे. आवेश उसळतो, यात शंका नाही; पण राणीचे एकाकीपण, दत्तक पुत्राचा हक्क नाकारला गेल्याचे दुःख, यांना त्या आवेशात जागा उरत नाही. विजयघोष आधीच झाला, तर पराभवाची वेदना ऐकू यायची कोठून?

हा दोष रॉकशैलीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या शैलीने आपल्या उत्तम कृतींत विलंब आणि मौन यांचे मोल जाणले आहे. तिचा बाह्य नाद घेतला आणि तिचा संयम मागे ठेवला, म्हणजे उरतो तो आवाज. राणीच्या कथेला ढोलक हवा तसाच ढोलकापूर्वीचा सुमिरनीचा संथ स्वरही हवा. ड्रम आणि गिटार घेऊन तिची कथा नव्याने सांगू इच्छिणाऱ्या संगीतकाराला हा धडा झाशीच्या आसपासच्या आल्हागायकांकडूनही घेता येईल; आणि समीक्षकाला गीताचा विचार करताना शब्दांइतकेच वाद्ययोजनेकडेही कान द्यावे लागतील.