गावाची नोंद कोण ठेवणार?

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण १८३२च्या ‘दर्पण’पासून सुरू करतो आणि मुंबई-पुण्याच्या संपादकांचा हात धरून पुढे जातो. या वाटेवर तरवडी लागत नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक नेवासे तालुक्यातल्या या खेड्यातून अनेक दशके निघत राहिले. हे उदाहरण दुर्लक्षिल्यामुळे स्थानिक पत्रांच्या ऱ्हासाची चर्चाही आपण चुकीच्या ठिकाणी सुरू करतो.

मोबाइल आला आणि पेपर संपला, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते ऱ्हास त्याआधीचा आहे. एका तालुक्याच्या वाचनालयात स्थानिक साप्ताहिकाच्या फायली मी ओळीने चाळल्या. जुन्या अंकांत नगरपालिकेच्या सभेचा वृत्तान्त असे : घरपट्टीला विरोध कोणी केला, नळाला किती दिवस पाणी नव्हते, बाजारात ज्वारीचा भाव काय होता. पुढच्या फायलींत हा रकाना आक्रसत जातो. त्या जागी उद्घाटनाची छायाचित्रे, मग वाढदिवसाच्या पुरवण्या आणि शेवटी जाहीर नोटिसा येतात. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांनी वाचक आणि जाहिरातदार नेले. उरलेले पत्र पुढाऱ्यांच्या शुभेच्छांवर जगू लागले. ज्याच्या जाहिरातीवर अंक निघतो, त्याच्या कारभाराची बातमी कोण छापणार? खप घटण्याआधी मजकूर घटला होता.

जुन्या पत्रांचे गोडवे मात्र गाऊ नयेत. त्यांत गटबाजी होती, हेवेदावे होते, बातमीचा धाक दाखवून वसुली करणारेही होते. ‘दीनमित्र’ही तटस्थ नव्हते, पण त्याची बाजू उघड होती. शिवाय गावात दोन पत्रे असली, तर अभ्यासकाला एकाचे खोटे दुसऱ्यात तपासता येते. आज व्हॉट्सअॅपच्या गटावर बातमी लवकर पोहोचते, पण महिन्याने शोधली तर सापडत नाही. तिची फाइल होत नाही.

‘दीनमित्र’चे अंक जपले गेले, म्हणून बहुजन समाजाच्या चळवळीचा गावपातळीवरचा इतिहास आज लिहिता येतो. सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशने पाठवण्याचा १९५४चा कायदा १९५६ साली वृत्तपत्रांनाही लागू झाला. पण त्यात मोजकी मोठी ग्रंथालयेच आहेत. ज्या तालुक्याचे पत्र, त्या तालुक्याच्या वाचनालयाला त्यात स्थान नाही. निदान तिथे तरी एक प्रत बांधून ठेवण्याची सक्ती हवी. पत्र बंद पडणे कदाचित थांबवता येणार नाही; नोंद नष्ट होणे थांबवता येईल.

मी शेवटचा गठ्ठा सोडत होतो, तेव्हा ग्रंथपालांनी विचारले, “अजून किती दिवस लागतील?” त्यांना ते कपाट रिकामे करायचे होते.