पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेस, द : मराठी कादंबरीवरील प्रभाव

जॉन बन्यन (१६२८–८८) ह्या इंग्रज धर्मोपदेशकाची गद्य रूपककथा व इंग्रजी कादंबरीची एक पूर्वसूरी. तिचे दोन भाग अनुक्रमे १६७८ व १६८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पापाचे ओझे पाठीवर घेऊन विनाशनगरातून निघालेला ख्रिश्चन अखेर स्वर्गनगरीस पोहोचतो, हे पहिल्या भागाचे कथासूत्र होय. दुसऱ्या भागात त्याची पत्नी मुलांसह त्याच वाटेने जाते. वाटेतील दलदल, बाजार, किल्ला ही स्थळे म्हणजे वस्तुतः जिवाच्या कसोटीचे प्रसंग आहेत.

हरि केशवजी ह्यांनी ही कृती यात्रिकक्रमण (१८४१) ह्या नावाने मराठीत आणली. संतांची रूपके आणि पंढरीची वारी ह्यांमुळे यात्रेच्या द्वारे परमार्थ सांगण्याची रीत मराठी वाचकास परकी नव्हती. एका काल्पनिक, सामान्य गृहस्थाची यात्रा प्रदीर्घ गद्यकथेच्या रूपाने सांगणे मात्र नवे होते.

मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी ह्यांची यमुनापर्यटन (१८५७) हिचा सांगाडाही प्रवासाचाच आहे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आपला पती विनायक ह्याच्यासह प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे जाणून घेते. बन्यनचा यात्रिक स्वतःच्या उद्धारासाठी चालतो. यमुनेच्या वाटेवर मात्र मूर्तिमंत सद्‌गुण-दुर्गुणांच्या जागी हाडामांसाच्या स्त्रिया भेटतात. प्रवासाची चौकट तीच राहिली, पण तिच्यातून दिसू लागला तो समाज. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना स्वतःच विधवा होते आणि साक्षीदारच दुःखाची धनी ठरते. कादंबरीचे खरे सामर्थ्य ह्या कलाटणीत आहे. उलट, धर्मबोध कथानकाचा ताबा घेतो तेथे पात्रे मतांची वाहने बनतात. यमुनेचा ख्रिस्ती धर्मस्वीकार व पुनर्विवाह हा शेवटही घडण्यापेक्षा योजलेलाच अधिक वाटतो. रूपककथेकडून आलेली ही मर्यादा होय.

ह्या प्रभावाचे मोल अनुकरणात नसून रूपांतरात आहे. रूपकाचे कवच गळून पडले आणि विधवेचे जीवन हा कादंबरीचा विषय ठरला. पुढे हरि नारायण आपटे ह्यांच्या पण लक्षांत कोण घेतो? (१८९३) मध्ये यमू आपली कहाणी स्वमुखाने सांगते. तेथे प्रवास नाही आणि धर्मोपदेशही नाही; घराच्या चार भिंतींतच सारा छळ घडतो. इतरांची दुःखे पाहत फिरणाऱ्या यमुनेपासून स्वतःचे दुःख सांगणाऱ्या यमूपर्यंतचे हे अंतर म्हणजेच मराठी कादंबरीची प्रगती होय.