‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती कृतज्ञता : एक पुनर्वाचन

मराठी ख्रिस्ती व्यासपीठावर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या ग्रंथाचा झाला असेल. मात्र तो बहुधा एकाच रीतीने होतो. प्रवचनात रंग भरण्यासाठी त्यातील एखादा विनोदी प्रसंग उचलावयाचा, श्रोत्यांना हसवावयाचे आणि मग ‘संकटातही आनंदी राहा’ असा बोध करून मोकळे व्हावयाचे. हा उपयोग ग्रंथाला न्याय देणारा नाही आणि दुःखात बसलेल्या श्रोत्यालाही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

हा ग्रंथ 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील मध्यवर्ती घटना सर्वांस ठाऊक आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकार येथे विजयाचा सूर लावतात. लक्ष्मीबाई तो लावीत नाहीत. पतीचा नवा जन्म हा त्यांच्या संसाराचा मृत्यू होता, आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तो मृत्यू सौम्य करून सांगितलेला नाही. लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने काढलेले दिवस, लोकांची बोलणी, मनाचा कोंडमारा हे सारे तेथे जसेच्या तसे आहे. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली पाच वर्षे त्या खोडून टाकीत नाहीत. शेवट गोड झाला म्हणून आरंभीचे कडू खोटे होते, असे त्या कोठेही म्हणत नाहीत.

येथेच या ग्रंथाचे धर्मज्ञानदृष्ट्या मोल आहे. आपल्या अनेक प्रवचनांतून उपकारस्तुती ही रडणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन होऊन बसली आहे. पवित्र शास्त्राची रीत तशी नाही. स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते; संपादकांनी त्याला आशेची पुरवणी जोडलेली नाही. पौल थेस्सलनीकाकरांस ‘सर्व स्थितीत’ आभार मानावयास सांगतो, सर्व स्थिती‘बद्दल’ नव्हे, हा भेद आपण शिकवितो. परंतु इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘सर्वांबद्दल’ असाच शब्द आहे, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. त्याचा उलगडा त्याच वचनात आहे. ते आभार प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मानावयाचे आहेत. ज्याचे नाव घ्यावयाचे तो स्वतः वधस्तंभावरून मोठ्याने ओरडला; तेव्हा ज्या आभारांत त्या आक्रोशाला जागा नाही, ते त्याच्या नावाचे आभारच नव्हेत.

मग लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे काय? तो दुःखावर घातलेले पांघरूण आहे काय? काही ठिकाणी तसे वाटते खरे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. त्यांचे औदार्य आपण गौरवाने सांगतो, पण त्या औदार्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या बाईने मोजली. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात म्हणून आपणही हसून पुढे जावे, हे योग्य नव्हे. त्या हसण्यात पतीवरील प्रेम आहे तसा त्याच्यावरील निवाडाही आहे. क्षमा केलेला मनुष्यच इतक्या मोकळेपणाने दोष सांगू शकतो. दोष झाकणारी कृतज्ञता आणि दोष पाहून उरणारी कृतज्ञता यांतील दुसरीच ख्रिस्ती होय.

ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी फार थोडे लिहितात. अंतःकरणातील घडामोड शोधणाऱ्या वाचकाची तेथे काहीशी निराशा होते. मात्र ती उणीव त्यांच्या कृतीने भरून निघते. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली ही बाई पुढे नगरच्या प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करते, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रातही हीच दिशा दिसते. तरुणपणी दुष्काळात ज्यांचे आईवडील गेले, त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात आपल्या या मध्यप्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना व विधवांना घेऊन गेल्या. आपण वाचलो म्हणून त्यांनी नुसते आभार मानले नाहीत. वाचण्याचे ऋण त्यांनी दुसऱ्याकडे पोहोचविले. ज्याने भूक पाहिली आहे त्याची कृतज्ञता भाकरीच्या रूपानेच बोलते.

हा विचार आपल्या सावरगाव-पांढुर्णा भागातील सेवकांना दूरचा वाटू नये. संत्र्याची बाग वाळली, कपाशीला भाव मिळाला नाही, कर्ज डोक्यावर राहिले, अशा घरी धर्मशिक्षक सांत्वनाला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून गोटमारीचे दगड सुटतात आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जखमी मनुष्य आणला जातो. अशा घराच्या उंबऱ्यावर ‘देवाचे आभार माना’ हे पहिले वाक्य असू शकत नाही. पहिले काम बसण्याचे आणि ऐकण्याचे. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट बसले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले तेव्हा चुकले.

आशा म्हणजे संकट लवकर टळेल हा अंदाज नव्हे. तसा अंदाज चुकला की श्रद्धाही बुडते, आणि तो दोष अंदाज देणाऱ्या उपदेशकाचा असतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण राहिले होते. त्या व्रणांवरूनच शिष्यांना त्याची ओळख पटली. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ असाच व्रण न लपविता उभा आहे. म्हणून यापुढे त्यातील एखादा हास्यप्रसंग व्यासपीठावरून सांगताना त्याच्या अलीकडची आणि पलीकडची पाने सेवकांनी आधी वाचावीत. श्रोता हसला नाही तरी चालेल. आपले दुःख येथे कोणाला तरी ठाऊक आहे, एवढे त्याला कळले तरी त्याच्या उपकारस्तुतीला आरंभ झालेला असेल.