‘शेक्सपिअरवाला’ आणि जेफ्री केंडल

राणीच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर, भायखळ्यास, आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही पाचसात मंडळींनी ‘शेक्सपिअरवाला’ हा १९६५ सालचा इंग्रजी चित्रपट पुन्हा एकवार पाहिला. तो संपला तेव्हा यजमानांची कॉलेजात जाणारी नात म्हणाली, “आजोबा, हा नट खरेच इतका हरला होता का हो?” आजोबांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही खिडकीबाहेरच्या पावसाकडे. उत्तर सोपे नव्हते. पडद्यावरचा बकिंगहॅम हा कल्पित नट आणि त्याची भूमिका करणारे जेफ्री केंडल हे खरे नट, या दोघांस वेगळे करणे त्या चित्रपटाने कठीण करून ठेवले आहे.

केंडल यांचा जन्म १९०९ सालचा, उत्तर इंग्लंडातील केंडल या गावचा. मूळ आडनाव ब्रॅग. रंगभूमीवर येताना त्यांनी गावाचेच नाव धारण केले. (गावावरून आडनाव घेण्याची चाल आपल्याकडे जुनीच असल्याने वाचकांस याचे नवल वाटू नये.) दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी ते प्रथम हिंदुस्थानात आले, आणि १९४७ मध्ये ‘शेक्सपिअराना’ ही आपली नाटकमंडळी घेऊन परतले. पत्नी लॉरा लिडेल मंडळीतील प्रमुख नटी. जेनिफर व फेलिसिटी या मुलीही तेथेच नटी झाल्या. शाळांची सभागृहे, कॉलेजे, संस्थानिकांचे वाडे, जेथे चौथरा मिळेल तेथे पडदा लावावयाचा आणि खेळ आटोपला की ट्रंका बांधून पुढचे गाव गाठावयाचे, हा त्यांचा क्रम. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलगाडीतून उतरणारी नाटकमंडळी पाहिली, त्या मराठी माणसास तो परका वाटणार नाही.

केंडल यांच्या रोजनिशीचा आधार घेऊन रूथ प्रवर झाबवाला व जेम्स आयव्हरी यांनी कथा रचली. आयव्हरी यांनी दिग्दर्शन केले. निर्माते आपल्या मुंबईचेच इस्माइल मर्चंट. छायालेखन सुब्रत मित्र यांचे, संगीत सत्यजित राय यांचे. इंग्रजांचे राज्य गेले, प्रेक्षक पातळ झाले, हिंदी चित्रपटाने लोकांची मने काबीज केली आणि बकिंगहॅमची मंडळी खचत गेली, असे त्याचे कथानक. ऑथेल्लोचा प्रयोग चालू असता मंजुला ही चित्रपटतारका सज्जात येऊन बसते, आणि सारे प्रेक्षक रंगमंचाकडे पाठ करून तिच्याकडे पाहू लागतात. हा प्रवेश विसरता येत नाही. बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले तेही मंजुलेची भूमिका करणाऱ्या मधुर जाफरी यांसच!

चित्रपट म्हणून आमची तक्रार नाही. तो सुंदर आहे. तक्रार आहे ती त्यातील निदानाविषयी. केंडल यांचा प्रेक्षक हा केवळ गोरा साहेब नव्हता. शाळा-कॉलेजांतून शेक्सपिअर शिकणारी हिंदी मुले हा त्यांचा मोठा आधार, आणि ती मुले १९४७ नंतर बोटीत बसून विलायतेस गेली नाहीत. उत्पल दत्त हे याच मंडळीत काही काळ तयार झाले आणि पुढे बंगाली रंगभूमीचे धुरीण ठरले; या चित्रपटात महाराजाच्या भूमिकेत दिसतात ते हेच. शिवाय चित्रपट पाहणाऱ्यास अशी शंकाही येत नाही की, शेक्सपिअर या देशात देशी भाषांतून केव्हाच रुजला होता. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे. गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट पाहून आलेली माणसे पुढे आयुष्यभर त्याविषयी बोलत. आमच्या शेक्सपिअरला साम्राज्याच्या सूर्यास्ताशी काही कर्तव्य नव्हते.

मात्र गणपतरावांचा हॅम्लेट आज कोणासही पाहता येत नाही. केंडल यांचा बकिंगहॅम पाहता येतो. नटाच्या दैवाची ही गंमत आहे. एकाची कीर्ती उरली आणि काम नाहीसे झाले. दुसऱ्याचे काम उरले, पण ते पराभूत माणसाचे म्हणून.

आता त्या कामाविषयी. पडद्यावर शेक्सपिअरची भाषणे म्हणताना केंडल आम्हांस किंचित मोठे वाटतात. तो आवाज शाळेच्या सभागृहातील शेवटच्या बाकासाठी घडलेला, आणि कॅमेरा तर हातभर अंतरावर. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झालेल्या बालगंधर्वांसही बोलपट मानवला नव्हता. परंतु वेष उतरवल्यावर, रात्री पत्नीशी बोलताना, आपण या देशात कशासाठी राहिलो असे स्वतःस विचारताना, केंडल जे करतात ते थोर आहे. तेथे आवाज खाली येतो, चेहऱ्यावर कीव मागण्याचा लेशही नाही. १९७० साली शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिले. त्यातील अप्पा बेलवलकर आपले दुःख गर्जून सांगतो; बकिंगहॅम ते गिळतो. एकाने सर्वस्व मुलांस दिले आणि रस्त्यावर आला. दुसरा मुलीलाच दूर धाडून रिकाम्या रंगमंचावर उरतो. आमचे मन अप्पाकडे झुकते हे खरे, तरी दुसऱ्याचा संयम अधिक अवघड आहे.

जेनिफर १९५८ मध्ये शशी कपूर यांच्या पत्नी झाल्या. म्हणजे पृथ्वीराजांची फिरती मंडळी आणि केंडल यांची फिरती मंडळी, दोहोंचे सोयरपण जुळले. त्यातून १९७८ साली जुहूस ‘पृथ्वी’ हे नाट्यगृह उभे राहिले. ज्याची मंडळी चित्रपटाने बुडवली असे चित्रपटात दाखवले, त्याच्याच मुलीने चित्रपटनट असलेल्या पतीच्या साह्याने नाटकासाठी घर बांधावे, ही गोष्ट कोणत्याही पटकथेत शोभली असती. जेनिफर १९८४ मध्ये वारल्या. १९८६ साली केंडल यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यास त्यांनी नाव दिले ‘द शेक्सपिअरवाला’. चित्रपटाने दिलेले बिरुद म्हाताऱ्याने असे निमूट आपल्या अंगरख्यावर लावून घेतले. १९९८ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

हे सारे त्या संध्याकाळी आम्हांस सुचले नाही. नातीस एवढेच सांगितले की, अपर्णा सेन यांच्या १९८१ च्या ‘३६ चौरंगी लेन’मध्ये जेनिफरच्या म्हाताऱ्या भावाचे काम या बापानेच केले आहे, तेही पाहा. पुढल्या रविवारी भायखळ्यास तोच चित्रपट लावण्याचे ठरले आहे.