धागा, ग्रुप आणि सीताफळ

ईमेल ग्रुपवरची चर्चा वाचकाच्या पेटीत येऊन पडते. संस्थळावरच्या चर्चेकडे वाचकाला स्वतः जावे लागते. ईमेलची सोय मोठी होती. नेट मंद असले तरी पत्रे उतरवून सवडीने वाचता येत, आणि प्रत प्रत्येक सभासदाकडे उरे. पण बाहेरच्याला त्यातले काही दिसत नसे आणि सामायिक दप्तर कंपनीच्या हाती असे. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 रोजी बंद झाले. साठवलेला जुना मजकूर त्याआधीच काढून टाकला गेला होता.

मराठीतली खरी कमाई संस्थळांची आहे. 'मायबोली' 1996 पासून, 'मनोगत' 2004 पासून, 'मिसळपाव' 2007 पासून. युनिकोड देवनागरी रुळली आणि धागा व त्याखालचे प्रतिसाद वर्षांनंतरही शोधून सापडू लागले. कधीही न लिहिणाऱ्या वाचनमात्रांनाही त्यांचा उपयोग झाला. तिथे कंपू झाले, कडाक्याची भांडणे झाली. पण भांडणही लेखी राहिले, म्हणून मूळ मुद्दा पुन्हा तपासता आला. फेसबुकच्या फीडमध्ये हे जमत नाही. तिथे काय वर राहील ते यंत्र ठरवते, आणि परवाचा चांगला प्रतिसाद आज हाती लागत नाही.

बीड जिल्ह्यात मात्र ईमेल आणि संस्थळांचा टप्पा ओलांडून बहुतेकांची नेटशी ओळख थेट मोबाइलवर झाली. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगावी व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. त्यांचा गुण मान्य करायला हवा: टाइप करता न येणारा माणूस बोलून विचारतो, पानाचा फोटो टाकतो, आणि ऊसतोडीला गेलेले कुटुंबही गावाच्या बोलण्यात राहते. उणीव आहे ती स्मरणाची. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या फळावर पिठ्या ढेकूण पडला की ग्रुपवर प्रश्न येतो, जाणता शेतकरी नेमके उत्तर देतो, आणि ते शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते. पुढच्या बहरात तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला जातो. नव्या सभासदाला आधीचे बोलणे सहसा दिसतही नाही. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात कापडावर लिहिलेली पासोडी आजही टिकून आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

निवड करायची तर टिकण्याच्या कसोटीवर संस्थळच सरस ठरते; पोचण्यात ग्रुपला तोड नाही. दोन्ही जोडणे अवघड नाही. जिल्ह्यात डिघोळअंबा आणि खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ग्रुपमधली तपासलेली प्रश्नोत्तरे, उत्तर देणाऱ्याच्या संमतीने, दर हंगामाअखेर त्यांनी एका खुल्या पानावर देवनागरीत लावावीत आणि त्याचा दुवा ग्रुपच्या माहितीत ठेवावा. सुरुवात येत्या सीताफळाच्या बहरापासून व्हावी.