ब्रुकनरची नववी आणि झुबिन मेहता

बीडसारख्या जिल्ह्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद समोर बसून ऐकण्याचा योग कोठला! आमचे सारे ऐकणे ध्वनिमुद्रिकांवरचे. त्यामुळे मुद्रिकांनी एखाद्या कृतीला लावलेला अर्थच आम्हांस मूळ अर्थ वाटू लागतो. आंतोन ब्रुकनरच्या नवव्या सिम्फनीबाबत तसेच झाले आहे.

झांक्ट फ्लोरियानच्या मठात ऑर्गन वाजविलेल्या या कॅथलिक रचनाकाराने ही कृती देवालाच अर्पण केली, असे सांगतात. १८९६ साली तो वारला तेव्हा तीन भाग पूर्ण होते. चौथ्याचे खर्डे तेवढे मागे राहिले. तो भाग पुरा न झाल्यास आपले ‘ते देउम’ त्या जागी गावे, असे त्याने सुचविले होते. म्हणजे शेवट स्तुतीने व्हावयाचा होता. मुद्रिका मात्र बहुधा तिसऱ्या, संथ भागाशी थांबतात आणि आपण भाविक श्रोते त्यालाच शांत मरणाची प्रार्थना समजतो.

कार्ल शुरिख्टची व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेली १९६१ची मुद्रिका हा समज दृढ करते. ऐंशी ओलांडलेला हा संचालक काहीच ठासून सांगत नाही. ती सुंदर आहे. पण फार लवकर समाधान पावते.

१९६५ साली त्याच वाद्यवृंदापुढे मुंबईचे झुबिन मेहता उभे राहिले, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. व्हिएन्नातच ते हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकले होते. त्यांच्या डेका मुद्रिकेत पितळी वाद्यांचा झगझगाट मधूनमधून अति होतो, हे मान्य. परंतु तिसऱ्या भागाच्या कळसावर सारा वाद्यवृंद एका विसंवादी स्वरपुंजावर येऊन एकाएकी गप्प होतो, तेथे मेहता तो कर्कशपणा मऊ करीत नाहीत. त्या स्तब्धतेत उत्तर नाही. नंतरचे सातव्या-आठव्या सिम्फनींची आठवण देणारे मंद सूर सांत्वन करतात, निकाल देत नाहीत. मरणाऱ्या म्हाताऱ्याची अस्वस्थता या तरुणास अधिक कळली, असे आमचे मत आहे.

ब्रुकनर लांबण लावतो, ही तक्रार नेहमीची. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी पाहिलेल्याने तरी ती करू नये.

मेहतांची मुद्रिका संपताच आम्ही एकदा ‘ते देउम’ लावून पाहिले. नववी ई मेजरमध्ये विसावते, ‘ते देउम’ सी मेजरमध्ये उसळते, सांधा खटकतो. तरी पुढच्या खेपेसही आम्ही तो लावलाच.